दातबायचा पहिला प्रश्न

पेडणे तालुक्यातल्या समस्त किडक्या, हलत्या आणि ठणकत्या दातांना स्मरून एक अत्यंत गंभीर गोष्ट जाहीर करतो: आमच्या दातबायने उभ्या हयातीत एकाही बाईच्या तोंडात आधी डोकावून पाहिलं नाही. आधी ती विचारायची, "आज कितवो दीस गो?"

दातबाय म्हणजे बाजारातली दातांची डॉक्टरीण. ठेंगणी, चष्मा दोऱ्याने बांधलेला, मनगट मात्र समुद्रातून रापणीचं जाळं ओढणाऱ्याचं. तेव्हा गोव्यात राजभाषेचा वाद पेटलेला. तिच्या ओट्यावर मराठीवाले एका बाकावर, कोकणीवाले दुसऱ्यावर. आत खुर्चीत बसले की दोघे एकाच भाषेत ओरडत, "आवयगे!"

आमच्याकडच्या बायका दाढ काढायला यायच्या नेमक्या पाळीच्या चार दिवसांत. बाहेर बसायचं, चुलीला शिवायचं नाही. महिन्याभरात सुट्टी काय ती तेवढीच! दातबाय कपाळावर हात मारी. म्हणे, "अंगातल्या हॉर्मोनांक चोपड्याच्या न्हंयसारखी भरती-ओहोटी असता. ओहोटीक बारीक खडपसुद्धा पायाक लागता, तसा ह्या दिसांनी दुखणा जास्त जाणवता. सगळ्यांचा सारखा नसता, म्हणून तर विचारतंय."

एकदा वहिनीला मी स्कूटरवरून नेलं. गाल धरून ती पुटपुटली, "दुसरो." दातबायने ठणका थांबायची गोळी दिली. "आठ दिसांनी ये. तेव्हा काढूया."

दादा खाणीवर ट्रक चालवायचा. घरी हे कळताच तो भडकला. "आठ दिसांनी? मगे दाढ काढल्यार भाकऱ्यो कोण भाजतलो? बायकांक सगळाच दुखता! आज काढणत नसात तर मीच पकडीन काढतंय." वहिनीने दोन्ही हातांनी गाल झाकला. दादा तिला घेऊन तडक दवाखान्यात. मागोमाग मी.

दातबायने त्याचं तेच भाषण शांतपणे ऐकलं. "बस हंयसर. आ कर." दादाने ऐटीत जबडा उघडला. मागच्या दाढेत खड्डा होता. तिने दात तपासायची आकडी नुसती टेकवली मात्र, दादाने अशी बोंब ठोकली की ओट्यावरची राजभाषा जागच्या जागी थांबली.

आकडी तशीच ठेवून दातबायने विचारलं, "आठ दिसांनी भाकऱ्यो कोण भाजतलो?"

"मी! मी भाजतंय!"

दातबाय पुढे मुलीकडे राहायला गेली. निरोपाच्या दिवशी ओटा बायकांनी भरला होता, आणि प्रत्येकीला दातबायचं नव्हे, वहिनीचं वाक्य पाठ होतं. दादाने बोंब ठोकली त्या दिवशी दारातून, सुजलेला गाल विसरून, वहिनी भर ओट्यादेखत ओरडली होती:

"बाय, आधी ह्यांका चार दीस भायर बसवा!"