हळद लागलेली निबंधाची पुस्तकं

हे सांगायची मला इतकी घाई होऊन राहिली आहे की टाइपरायटरचे दांडे एकमेकांत अडकतायत! पण सुरुवातीपासून सांगते.

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा नाल्यापलीकडे, आणि पावसाळ्यात तो रस्ताच बंद. म्हणून सातवीनंतर मी घरी बसले. मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. तिची शाळा आठवीत सुटलेली. ती अठराची, मी सोळाची. त्या वर्षी गावात बालवाडी निघणार अशी बातमी आली आणि तिथल्या बाईला मॅट्रिक पाहिजे होती. वहिनीच्या डोक्यात ते असं बसलं की भाकरी थापतानाही तेच!

दादानं बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "बसू दे दोघींले बाहेरून मॅट्रिकले. पण एकच बार. नापास झाल्या तं पुन्हा नाव काढाचं नाही."

आमच्याच गल्लीत एक रिटायर गुरुजी होते. गणित, इतिहास ते शिकवायला तयार झाले. निबंधाचं मात्र म्हणाले, "लिहिणं मी काय शिकवू? एक चांगलं पुस्तक निवडा आन रोज लिहा."

दादा वरठीच्या कारखान्यात होता. त्यानं भंडाऱ्याहून दोन पुस्तकं आणली. दुकानदार ओळखीचा, म्हणाला, दोन्ही न्या, आठ दिवस पाहा, नको असेल ते कोरंच्या कोरं परत आणा.

एक चांगलं जाड. त्यात साठ निबंध अगदी तयार, नुसते पाठ करायचे! दुसरं पातळ. त्यात एकही निबंध नाही, फक्त प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाखाली लिहायला रिकाम्या ओळी. 'तुमच्या गावात सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं? उठून काय करतं?' असले प्रश्न!

"यात तं काहीच नाही वो वहिनी," मी म्हटलं.

"विचारून तं राहिले ना," ती पान उलटत म्हणाली. "आपल्याले असं कोनी विचारलं का कधी?"

आठ दिवस आमची हीच चर्चा. नवव्या दिवशी दादानं पुस्तकं मागितली. पाहतो तर काय, दोन्ही पुस्तकांवर हळदीकुंकवाची बोटं!

"आई, हे काय केलं? एक वापस कराचं होतं!"

"घरात विद्या आली, पूजा नाही कराची?" आई चुलीपुढूनच म्हणाली. "मले वाटलं, पोरी दोन, पुस्तकं दोन. आन आता सरस्वतीले दुकानात वापस करतेत का?"

दादा कपाळाला हात लावून बसला. मी पोट धरून हसले. दोन्ही पुस्तकं घरातच राहिली. पण वेळ काही दोन पुस्तकांचा नव्हता. दुपारची भांडी झाली की संध्याकाळची चूल पेटेपर्यंत, तेवढाच काय तो आमचा. शेवटी वहिनीच म्हणाली, "जाडंच घेऊ. एकच बार बसाचं हाय, जोखीम नको."

मग आम्ही पाठांतर सुरू केलं. मी अंगणात येरझाऱ्या घालत, ती तांदूळ निवडत. महिन्याभरानं गुरुजींनी परीक्षा घेतली. विषय, 'माझी आई'. दोघींनी धडाधड लिहिलं, शब्दाला शब्द सारखा. गुरुजींनी माझा वाचला, मान हलवली. वहिनीच्यात पुन्हा तेच वाक्य आलं तसे थांबले. "माझी आई रोज पर्स घेऊन ऑफिसला जाते आणि संध्याकाळी मला बागेत फिरायला नेते." चष्मा वर करून म्हणाले, "काहून वो बाई, तुझी माय कोन्या ऑफिसात हाय?"

मी खदखदून हसले. वहिनी हसली नाही. तिची माय तुमसरकडच्या एका खेड्यात लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणा करायची, रोपं लावायची, चिखलात दिवसभर वाकून. नवरा गेल्यावर पोरगी तिनं त्यावरच वाढवली होती. माझं हसू तोंडातच राहिलं. गुरुजीही ओशाळले. "तसं नाही वो. लिहिलं बरोबरच हाय. मार्क भेटतीन."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं पातळ पुस्तक उघडलं. एका पानावर होतं, 'तुमच्या घरातल्या कुणाचं एखादं काम, ते न येणाऱ्याला समजेल असं सांगा.' खालच्या ओळींत तिनं मायचा रोवणा लिहिला. डाव्या हातात रोपांची जुडी कशी धरायची, मागं मागं कसं सरकायचं, रोप चार बोटं खोल कसं खोचायचं, दुपारी बांधावर बसल्यावर मायच्या पायाची बोटं कशी पांढरी पडलेली असतात. ओळी पुरल्या नाहीत, तर समासात लिहिलं.

"याले मार्क देतीन का?" मी विचारलं.

"मले काय माहीत?"

परीक्षा तुमसरला झाली. मराठीच्या पेपरात 'मला आवडणारी व्यक्ती'. मी उड्या मारत बाहेर आले. "वहिनी, जाड्या पुस्तकातलाच आला! आईचा लिहिला ना?"

"मायचा लिहिला."

"ऑफिसवाला?"

"रोवण्याचा."

"अवं वहिनी! एकच बार होता!"

"मालूम हाय मले," ती म्हणाली. नळावर बोटांची शाई धूत होती. मी ओंजळ भरून तिच्या हातावर पाणी घातलं.

निकाल दादा घेऊन आला. दोघी पास! मराठीत तिला माझ्यापेक्षा थोडे कमीच होते. पण पास! बालवाडीचा अर्ज भरला आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही एस.टी.नं तिच्या मायकडे गेलो. वहिनीनं पातळ पुस्तकातून सगळं वाचून दाखवलं. माय भिंतीला टेकून ऐकत होती.

"हे मास्तरनं वाचलं?"

"हो वो माय."

"आन पास केलं?"

"केलं ना!"

माय भिंतीपासून पुढं सरकली. मग म्हणाली, "तुले न त्याले, दोघायले बी रोवणा येत नाही. चार बोटं कोन खोचते वो? दोन बोटं. चार बोटं गेलं तं सडते ते."

वहिनी हसता हसता रडायला लागली. मग माझ्याकडून पेन घेतलं, 'चार' खोडलं आणि वर 'दोन' लिहिलं.