पेपरवरचे लाल गोल
लाल पेन हातात घेतलं की मला जपानमधल्या एदोगावातली ती दुपार आठवते. मी नववीतच शाळा सोडलेली. लग्न होऊन इथे आले आणि सरकारने प्रांतभर मोठ्यांसाठी, शाळा पुरी केल्याची अट न घालता काढलेल्या बिनफीच्या कॉलेजच्या पहिल्या तुकडीत बसले. पहिल्याच परीक्षेत नापास झालं तर जागा दुसऱ्याला जाणार होती. बाईंनी वाकून, दोन्ही हातांनी गणिताचा पेपर दिला. पाहते तर पानभर लाल शून्यं आणि शेवटी एकच टिक. बाई हसत होत्या, ते हसूही मला दयेचं वाटलं. सायकलच्या बास्केटमध्ये कांद्यांच्या पिशवीखाली पेपर दडवून मी घर गाठलं, पण दुसरीतल्या लेकीने तो बरोबर शोधून काढला. "सगळं चुकलं गं, एक सोडून," मी म्हटलं. ती खिदळायलाच लागली. "आई, इथे गोल म्हणजे बरोबर. टिक केलंय ना, तेवढंच चुकलंय." मी गोल पुन्हा मोजले, मग तिच्याकडूनही मोजून घेतले. आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. लेकीचे पाढे तपासताना मीही गोलच काढते, आणि पुण्याला आईला त्या पानाचा फोटो पाठवला की खाली लिहिते, काळजी करू नकोस, नात पास आहे.