जिनिंगच्या भिंतीवरच्या बाया

यवतमाळच्या स्टँडवर घाटंजीची बस काही सुटेना. कंडक्टर तर्री (झणझणीत रस्सा) घातलेले पोहे निवांत खात होता आणि मी खिडकीशी घामाने निथळत होतो. तिथूनच परत फिरायला हवं होतं.

जुनी चित्रं दुरुस्त करणं हा माझा नागपुरातला धंदा. घाटंजीच्या अलीकडच्या एका गावात पूर्वी एका शेठजींनी मोठ्या चित्रकाराला घरी ठेवून घेतलं होतं आणि आपल्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या गिरणीत) भिंतभर चित्र काढवलं होतं. ते पुन्हा मुळासारखं करायला त्यांच्या नातवाने मला बोलावलं होतं.

गावात उतरलो आणि डोळे दिपले. या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या चित्रकार पोसले, त्याचं खूळ सगळ्या गावाला लागलेलं. पाण्याची टाकी, सलून, ट्रॅक्टरची ट्रॉली, काही म्हणून कोरं सोडलेलं नाही! चहावाल्यानेसुद्धा माझा शर्ट न्याहाळून सांगितलं, "थो निळा तुमाले जमत नाही जी."

"चहा दे बाबा," मी म्हटलं.

जिनिंगमध्ये शिरलो आणि कपाळावर हात मारला. भिंतीवर कापूस निवडणाऱ्या बायांची रांग, आणि त्यांच्या तोंडांवर दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट! गुलाबी गाल, कोळशासारख्या भुवया, एकीच्या नाकात पिवळीधमक नथ. अरे, काय हे!

नातवाने मोबाइलवर चित्राचा जुना फोटो दाखवला. मूळ चित्रकाराने बायांना चेहरे काढलेच नव्हते. नुसत्या वाकलेल्या माना, झुकलेले खांदे. काय सुंदर काम होतं हो! रंग सोडवायच्या औषधाचा बोळा घेऊन मी नथवालीच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर फिरवला. ऑइलपेंट अलगद सुटला. खालचा मूळ रंग शाबूत होता.

"थांबा जी!" सरकीच्या ढिगाकडून एक म्हातारी तरातरा आली. ही सुभद्राबाई. पंचाईत अशी, की ती नथवाली हीच होती.

"थ्या चित्रकारासमोर आम्ही दिवसदिवस बसलो," ती म्हणाली. "अन् त्यानं तोंडच नाही काढलं! काहून? आमाले तोंड नाही काय?"

मग म्हणे तेव्हा बायांनी काम बंद पाडलं, गावातल्या पेंटरला बोलावलं आणि एकेकीने समोर उभं राहून आपापलं तोंड काढून घेतलं.

"बाकीच्या साऱ्या गेल्या," सुभद्राबाई म्हणाली. "आता इथंच भेटतात मले. पुसनार हाय काय तुमी?"

मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू? एवढ्या अस्सल कामावर हा बटबटीतपणा, आणि वर मलाच जाब! नागपूरहून कळवतो, असं नातवाला सांगून मी तणतणत निघालो.

परतीच्या बसमध्येही तोच कंडक्टर. सुट्ट्या पैशांवरून त्याच्याशी भांडलो, पण भांडणात मन लागेना. त्या बायांची तोंडं काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात. त्या भुवया किती वाईट काढल्या होत्या, आणि तरी सुभद्राबाई मला भिंतीवरूनच ओळखू आली होती.

दुसऱ्या दिवशी नातवाचा फोन आला. "निघेल ना वरचा रंग?"

"नाही निघणार," मी म्हणालो. साफ खोटं. "काढायला गेलो तर खालचंही जाईल."

तो हळहळला. मीही हळहळलो, आणि माझं दुःख त्याच्यापेक्षा मोठं होतं, कारण खाली काय आहे ते मी पाहिलं होतं.

"एक करा," मी म्हटलं. "नथवालीच्या डोळ्याचा कोपरा माझ्या हातून पुसला गेलाय. तुमच्या गावात पेंटरांना काही तोटा नाही. एकाला बोलावून तो नीट करून घ्या. आणि सुभद्राबाई समोर उभी राहिल्याशिवाय त्याला ब्रश लावू देऊ नका."