फिकट या अर्थाचे अकरा शब्द

फिकट पडलेल्या माणसासाठी इंग्रजीत किती शब्द आहेत, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. मला अकरा येतात. ते सगळे मी रक्त पिणाऱ्या भुताच्या एका कादंबरीतून शिकले, आणि ज्या सहा-सात महिन्यांत शिकले त्याच महिन्यांत माझी आई माझ्यासमोर बसून फिकट होत गेली. तिला वाचवायला फार मोठं काही करावं लागणार नव्हतं. कुणीतरी तिच्याकडे नीट बघायला हवं होतं, आणि दिवसभर घरात मीच होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी स्वतःची बाजू घेण्याचा संभव आहे.

आम्ही भिंगारला राहायचो. पप्पा लष्कराच्या एका कार्यालयात सिव्हिलियन माळी होते. साहेब लोकांची बदली झाली की ट्रकमध्ये जे मावत नाही ते मागे राहतं: कुंड्या, मोडक्या सायकली, मुलांची पुस्तकं. कुंड्या पप्पांकडे यायच्या आणि पुस्तकं बाजारातल्या रद्दीवाल्याकडे जायची. त्या वर्षी मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, इंग्रजी सुधारायचं असेल तर मिळेल ते वाचा. पप्पांनी हे लक्षात ठेवलं आणि एका साहेबांच्या मुलीनं टाकून दिलेल्या ढिगातून एक पुस्तक उचलून आणलं. त्यांना त्यावरचं नाव वाचता येत नव्हतं. त्यांनी ते वजनावर निवडलं होतं.

"जाड हाय," ते म्हणाले. "लई दिवस पुरंल."

पुस्तक तरुण मुलींसाठी लिहिलेलं होतं. हॉस्टेलवर राहणारी एक मुलगी, तिला पियानो शिकवायला येणारा एक देखणा माणूस, आणि तो माणूस दोनशे वर्षांचा. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली भुताखेतांना जागा नव्हती. आत काय आहे हे पप्पांना कळलं असतं, तर त्यांनीच ते पुन्हा रद्दीत नेऊन टाकलं असतं. मी सांगितलं, इतिहासाचं आहे. तसं ते अगदीच खोटं नव्हतं, त्यातली निम्मी माणसं जुनीच होती.

गोष्ट भिकार होती. पण शब्द असे होते की एकेका पानाला मला अर्धा तास लागायचा. लेखिकेला त्या माणसाच्या गालांचं भारी कौतुक होतं. दर चार पानांनी तो फिकट दिसायचा, आणि दर वेळी बाईंकडे नवा शब्द तयार असायचा. पॅलिड, वॉन, ॲशन, ॲलबॅस्टर. मी मोबाईलवर अर्थ बघायचे आणि दोनशे पानी वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी असं लिहून काढायचे. मराठीत मला इतके शब्द मिळेनात, म्हणून मी मनानंच लिहायला लागले: राखेसारखा, संगमरवरासारखा, रक्त आटल्यासारखा पांढरा.

आईला ही वही आवडली. तिची शाळा सातवीला सुटली होती, पण मराठी ती चांगलं वाचायची. दुपारी पप्पा कामावर असताना ती भांडी आवरून माझ्यासमोर भिंतीला टेकून बसायची, वही मांडीवर घ्यायची आणि उजव्या बाजूचा अर्थ मोठ्यानं वाचायची. मी डावीकडचा शब्द सांगायचे. बरोबर आला का, हे तिला कळायचं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघून ठरवायची.

"अडकलीस की घसाघसा नाक चोळतीस," ती म्हणायची. "म्हंजी चुकलं."

आई काळी होती. सावळी वगैरे नाही, काळी. हे तिला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलेलं होतं. तिला बघायला आलेल्या लोकांनी तिच्यासमोरच म्हटलं होतं की रंग दबका आहे, पण पोरगी कामाला वाघ आहे. तिच्याकडे हलक्या गुलाबी रंगाची एक साडी होती, भावानं दिलेली. ती तिनं कधी नेसली नव्हती. आपल्याला शोभत नाही म्हणून ती पेटीच्या तळाशी घडीवर घडी घालून ठेवलेली होती.

राळेगणच्या बाजूला तिच्या माहेरी एक लग्न निघालं. मांडवात शिरतो न शिरतो तोच एक मामी म्हणाली, "अगं, काय लावतीस तोंडाला? उजाळलीस की." मग दुसरीनं तेच म्हटलं, तिसरीनं हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. भिंगारचं पाणी मानवलं, असं ठरलं. आई इतकी लाजली की तिला कुठं बघावं कळेना. जन्मात पहिल्यांदा तिच्या रंगाबद्दल कुणी चांगलं बोललं होतं. दुसऱ्या दिवशी हळदीच्या वेळी तिनं मावशीची पावडर मागून घेतली.

आणि मी काय केलं? मला तेव्हा इंग्रजीची शिंगं फुटलेली होती. परतीच्या एसटीत मी तिला म्हटलं, "आई, तू आमच्या पुस्तकातल्यासारखी दिसायला लागलीस. तुझ्यासारखीला पोर्सेलिन म्हणतात, चिनी मातीच्या बाहुलीसारखी." तिनं तो शब्द दोनदा म्हणून बघितला. घरी आल्यावर पेटी उघडून गुलाबी साडी बाहेर काढली, आणि पुढच्या पौर्णिमेला तीच नेसून विहारात गेली. तिथंही बायकांनी तेच म्हटलं.

आमच्याकडे बाई उजळली की सगळ्यांना आनंद होतो. का उजळली, असं कुणी विचारत नाही. काळी पडली असती तर दहा जणींनी विचारलं असतं, अंगात ताप आहे का, काळजी कसली करतेस. गोरेपणाची चौकशी करायची आमच्यात रीतच नाही.

बाकीच्या खुणाही होत्याच. नळावरून दोन कळशा आणताना ती मधे एकदा थांबायला लागली होती. मी म्हणायचे, तुझं वजन वाढलंय. वही मांडीवर घेऊन ती कच्चे तांदूळ खायची, मूठभर, कटाकटा. तांदूळ संपले की पाटीवरच्या पेन्सिलीचे तुकडे. मला त्या आवाजानं अर्थ आठवायचे नाहीत आणि मी चिडायचे. पुस्तकात त्या भुताला कधी न भागणारी भूक होती, तिच्यासाठी इनसेशिएबल असा शब्द होता. तो मी आईला चिडवायला वापरला. ती हसली, आणि मला बरोबरचं चिन्ह मिळालं असं समजून मी पुढं गेले.

एका दुपारचं मात्र मला शब्दन् शब्द आठवतं. आई उजवीकडची ओळ वाचत होती: रक्त आटल्यासारखा पांढरा. मी उत्तर दिलं. तिनं पुढची ओळ वाचली नाही. बोट तिथंच ठेवून ती म्हणाली, "आसं खरंच व्हतं का गं मान्साला?"

"गोष्ट आहे ती, आई. पुढचा विचार."

"न्हाई, म्हंजी रक्त जाऊन जाऊन?"

"अगं ते भूत पितं रक्त. कुठं जात नाही आपोआप. विचार ना पुढचा, लिंक तुटते माझी."

तिनं पान उलटलं. पुढचा शब्द मला आला का नाही, ते आठवत नाही. माझा आवाज कसा होता ते आठवतं. क्लासमध्ये सर आम्हाला ज्या आवाजात गप्प करायचे, तसाच होता.

त्यानंतर तीनएक आठवड्यांनी ती सकाळी नळावर पडली. शेजारच्या बाईनं आणि मी तिला रिक्षात घातलं आणि नगरला दवाखान्यात नेलं. पप्पा कामावरून परस्पर तिथं आले. डॉक्टरबाई माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी आईच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढली. आत लाल असायला हवं तिथं काहीच नव्हतं, कागदासारखं होतं. मग त्यांनी तिची नखं बघितली, जीभ बघितली, आणि बाजूला उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरला लिहून घ्यायला सांगितलं, "व्हेरी पेल."

पेल. हा शब्द मला पाचवीपासून येत होता. माझ्या वहीत मी तो लिहिलासुद्धा नव्हता, सोपा म्हणून.

"किती दिवस झाले अशा पांढऱ्या पडल्यात?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "उजळली होती."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी परत तेच विचारलं, जरा सावकाश. मी सांगितलं की माहीत नाही, आणि मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

रक्ताची पहिली पिशवी लागली तेव्हा मावशी गावाहून आली. ती दारातच बसली आणि रडता रडता मला सगळं सांगितलं. "तिच्या अंगावरनं लई जात हुतं गं, पाच-सहा म्हैने. कापडं पुरत न्हवती. मी म्हन्लं दाखव कुनाला तरी. तर म्हन्ली, इतक्यात नको, पोरीची परीक्षा हाय. मागल्या म्हैन्यात फोनवर म्हन्ली, पोरीलाच इचारते एकदा. तिला समदं म्हाईत अस्तं."

मी मावशीला सांगितलं नाही की तिनं विचारलं होतं.

आई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. हृदय इतके महिने पाण्यासारखं रक्त ढकलत होतं, ते थकलं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. मरायच्या आधी ती दोनदा जागी झाली. एकदा तिनं पाणी मागितलं, आणि एकदा मला म्हणाली, घरी जा, अभ्यास कर.

ती परीक्षा मी दिली नाही. पुढच्या वर्षीची दिली, आणि लागले. आता एका बँकेच्या शाखेत बसते. परीक्षेत माझ्या अकरा शब्दांपैकी एकही आला नाही. तरी ते जात नाहीत. काउंटरपलीकडे एखादी बाई भिंतीला टेकून उभी राहिली की माझं लक्ष नोटांवरून उडून तिच्या नखांवर जातं. दोघी-तिघींना मी सरळ म्हटलंय, रक्त तपासून घ्या. एकीनं माझी तक्रार केली. बाकीच्यांचं पुढं काय झालं, मला कळलं नाही. असं सांगितल्यानं माझं मन हलकं होईल असं मला वाटलं होतं. होत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि तेवढ्यासाठीच हे इतकी वर्षं लिहिलं नव्हतं. दवाखान्यातून निघताना आमच्या हातात कागद दिला, इंग्रजीत, दोन पानी. पप्पा कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर बसले होते. त्यांनी तो उलटा-सुलटा करून माझ्याकडे दिला. "वाच," म्हणाले. "काय लिवलंय ते मला नीट सांग."

मी वाचला. एकाही शब्दासाठी मला अडावं लागलं नाही. गर्भाशयात गाठी होत्या, साध्या होत्या, कॅन्सरच्या नव्हत्या. बरेच महिने रक्तस्राव झाला होता, आणि पेशंटला आणायला फार उशीर झाला होता. आधी आणलं असतं तर गोळ्या, नाहीतर एक छोटं ऑपरेशन, हे कागदावर नव्हतं, पण डॉक्टरबाईंनी मला सकाळीच सांगितलं होतं. पप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नाक चोळलं नाही. मी म्हटलं, "पप्पा, यावर काही उपाय नव्हता. कुणालाच काही करता आलं नसतं."

त्यांनी मान हलवली आणि कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. आता ते रिटायर आहेत, माझ्याकडेच असतात. घरी कुणी पाहुणा आला आणि आईचा विषय निघाला की ते अजून सांगतात, "कायच उपाव न्हवता. दवाखान्याचा इंग्रजी कागद हिनं समदा वाचला ना. हिला एक शबुद अडला न्हाई." हे सांगताना त्यांना माझा अभिमान वाटत असतो. मी आत चहा ठेवलेला असतो, आणि तो उकळून उकळून कडू होईपर्यंत मी बाहेर येत नाही.