टीमने सोडलं

कॉव्हेंट्रीहून साउथहॅम्प्टनला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत बसलो, तेव्हा माझ्या मांडीवर वही होती आणि वहीत भाषण होतं. विषय: रोहनने खेळ का सोडावा. मुद्दे अकरा.

रोहन म्हणजे शरदकाकांचा मुलगा. काका माझ्या वडिलांचे गंगाखेडच्या शाळेतले सोबती, साउथहॅम्प्टनच्या इस्पितळात भूल देणारे डॉक्टर म्हणून आयुष्य काढून आता निवृत्त. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, नोकरीसाठी इंग्लंडात उतरलो तेव्हा विमानतळावर न्यायला तेच आले होते. बॉयलर कसा लावायचा, जीपीकडे (वस्तीतल्या डॉक्टरकडे) नाव कसं नोंदवायचं, दिवसातून किती वेळा सॉरी म्हणायचं, सगळं त्यांनी शिकवलं. त्यामुळे गुरुवारी त्यांचा फोन आला तेव्हा नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

"गजू, रोहन जर्मनीहून आलाय. म्हणतो, टीमने सोडलं. महिना झाला. मोठी सुट्टी दिलेली दिसते. परत बोलावतील आणि हा तसला गुडघा घेऊन पळत जाईल. माझ्याशी तर बोलतच नाही. तू शिकलेला मुलगा आहेस, समजाव त्याला."

रोहन जर्मनीतल्या एका व्यावसायिक संघात अमेरिकन फुटबॉल खेळायचा. त्याची जागा रनिंग बॅक. बॅक म्हणजे मागे, एवढं इंग्रजी मला येत होतं. गावच्या शाळेत एकदा पाहुणा म्हणून बोलावलं, तेव्हा मी मुलांना अभिमानाने सांगून आलो होतो की आपल्यातला एक मुलगा परदेशात उलटं पळून पोट भरतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मुख्याध्यापकांनी तर दोनदा.

खरी गोष्ट मला त्या गाडीत, मोबाइलवर वाचून कळली. रनिंग बॅक सरळच पळतो. चेंडू छातीशी धरून, समोरून येणाऱ्या म्हशीएवढ्या माणसांमधल्या फटीत घुसतो. ते त्याला पाडतात. तो उठतो आणि पुन्हा घुसतो. गुडघे लवकर जातात, म्हणून कारकीर्दही लवकर संपते. मी घाईघाईने सातवा मुद्दा बदलला.

विंचेस्टर गेलं, हिरवी कुरणं गेली आणि साउथहॅम्प्टन आलं. बंदरात एक प्रवासी जहाज उभं होतं. इतकं उंच, की मला आधी नवे फ्लॅट्सच वाटले.

रोहन शनिवारी तिथल्या एका हौशी क्लबच्या पोरांना शिकवायला जात होता. बस पकडून मी मैदानावर पोचलो. गंभीर बोलायचं म्हणून ऑफिसचे पॉलिश केलेले बूट घातले होते. चौथ्या पावलाला एक बूट चिखलातच राहिला आणि पाय पुढे गेला.

"गजूदादा, तू आली!" रोहन धावत आला. तो इथेच जन्मला, त्याच्या मराठीत लिंगभेद नाही. "शूज बघ तुझा! कम, बॉल धर. हाय अँड टाइट (छातीशी वर, घट्ट), बाळ धरतो तशी."

मी चेंडू पाहुण्यांना नारळ देतात तसा दोन्ही हातांत धरला. एका पोराने येता येता हलकीच टपली मारली. चेंडू डावीकडे गेला, मी उजवीकडे.

"फंबल!" (हातचा चेंडू सुटला) सगळे ओरडले. माझ्या शिक्षणाचा वचक तिथेच संपला.

टपरीवजा खिडकीतून जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला अख्खा बटाटा) घेऊन आम्ही बाकावर बसलो. मी वही उघडली. अकराच्या अकरा मुद्दे वाचले. आईवडील, वय, गुडघा, बँकेतली नोकरी. रोहन शांतपणे ऐकत होता. बटाटा गार झाला. "तेव्हा तू परत जाऊ नकोस," असं म्हणून मी वही मिटली.

"कुठे जाऊ, दादा?" तो म्हणाला. "दे रिलीज्ड मी. मी बाबाला सांगितला ना, टीमने मला सोडलं."

मराठीत माणसाला घरी सोडतात, स्टेशनवर सोडतात, लवकर सुट्टी देऊन सोडतात. या पोराने इंग्रजी 'रिलीज्ड' जसाच्या तसा मराठीत उचलून आणला होता.

"मग काका काय म्हणाले?"

"'बरं झालं, जेवून घे.' बस. पाच सीझन, दादा. आय थॉट ही वॉज ग्लॅड. वन मंथ आम्ही ओन्ली वेदर बोलतो."

"अरे, त्यांना वाटतंय तू सुट्टीवर आलायस!"

तो हळू आवाजात म्हणाला, "देन व्हॉट्स द वर्ड?"

"काढून टाकलं."

"काढून टाकलं." त्याने दोनदा म्हणून पाहिलं. "साउंड्स वर्स."

"वाईटच आहे," मी म्हणालो. अकरा मुद्द्यांनंतर एवढंच खरं बोललो.

घरी काकांनी दार उघडलं आणि जमलं का, असं मला डोळ्यांनीच विचारलं. मी पायपुसण्याकडे बघत राहिलो. रोहन बूट काढायच्या आधीच म्हणाला, "बाबा, टीमने मला काढून टाकलं. माझी गुडघा स्लो झाली."

काका ज्या बातमीची वाट पाहत होते ती हीच होती. मला वाटलं, आता सुटकेचा निःश्वास टाकतील.

"तुला काढलं?" ते म्हणाले. "कोणी?"

"कोच."

"त्याला काही कळतं का? पावसातल्या त्या मॅचला तिघांना अंगावर घेऊन रेषेपलीकडे गेलास, ते विसरला तो गाढव?"

रोहनच्या हातातली पिशवी खाली आली. "यू वॉच्ड?"

"सगळ्या. तू पडलास की लॅपटॉप बंद करायचो. मग उठलास का ते बघायला पुन्हा लावायचो." काका खाली बसले. "ये इकडे. गुडघा दाखव."

जेवायचं कुणालाच सुचलं नाही. मी निघालो तेव्हा दोघं सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. कुठली मॅच लावायची यावरून वाद चालू होता, आणि काका जिंकत होते.

परतीच्या गाडीत माझे मोजे ओले होते आणि समोरच्या बाईंनी सभ्यपणे जागा बदलली. शिकलेला मुलगा म्हणून मला इतक्या लांब बोलावलं होतं. दिवसभरात माझं एकच क्रियापद उपयोगी पडलं, आणि ते तर मला पदवीच्या कितीतरी आधी, शाळेत जाण्याआधीच येत होतं.