बोडक्या राजाची पावली

आमच्या आंबवड्यात जुन्या नाण्यावरचं साल कुणाला वाचता येत नसे. नाणं ओळखायचं ते डोक्यावरून. राणीची पावली, मुकुटवाल्या राजाची पावली, आणि ज्याच्या डोक्यावर काहीच नाही तो बोडका. पावली म्हणजे चांदीचे चार आणे. माझ्या आजीनं पावल्यांना कड्या लावून गळ्यातली माळ करून घेतली, तेव्हा बोडक्याला तिनं बाजूला काढलं. सवाष्णीच्या गळ्यात बोडका कसा चालेल?

पुढं आत्या भर तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा आजीनं तीच पावली तिच्यापुढं टाकली. "घे, बोडकीला बोडका." पोटच्या पोरीला! आजी जाऊन जमाना झाला, पण हे आठवलं की माझं डोकं अजून फिरतं. आत्यानं ती उचलली. पावली कापसात गुंडाळून तिनं आपल्या रिकाम्या कुंकवाच्या करंड्यात ठेवून दिली.

सत्तरच्या आसपास, माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा, आत्यानं शिलाई मशीनचा ध्यास घेतला. भोरला जाऊन ती शिवण शिकून आली होती. "भावाच्या घरी आयतं किती दिस खाऊ?" म्हणायची. माळ आता आईकडं आली होती. पुण्याचे एक गृहस्थ जुनी नाणी घ्यायला भोरच्या सोनाराकडं येणार, असं कळल्यावर आईनं ती गळ्यातून काढलीच. "वन्सं, ही इकून मशीन आनू."

आदल्या संध्याकाळी आईनं चिंच आणि राख लावून माळ अशी घासली की आरसा झक मारेल. चांगल्या माणसापुढं मळकट वस्तू कशी ठेवायची?

दुसऱ्या दिवशी सोनाराच्या दुकानात गृहस्थांनी माळ बघितली आणि कपाळाला हात लावला. "अहो, कड्या डाख देऊन जोडलेल्या, वर घासून चेहरे पुसलेले! आता हिला नुसता चांदीचा भाव."

आईचा चेहरा एवढासा झाला. चांदीच्या भावात मशीनचं चाकसुद्धा आलं नसतं.

"ह्यो बगता का?" आत्यानं भीतभीत करंडा उघडला.

त्यांनी पावली कडेनं चिमटीत धरली, खिडकीपाशी नेली, भिंग लावलं. राजाच्या दाढीचा केस न् केस शाबूत होता. त्यांनी ती उलटून साल वाचलं. मग त्यांनी आकडा सांगितला. अख्ख्या माळेपेक्षा जास्त! जुनं हातमशीन सहज येणार होतं.

"एवढी कशी टिकली हो, बाई?"

"कुनालाच नको हुती, म्हनून."

"तीच तर हिची किंमत. कुणी वापरली नाही."

"व्हय?" आत्या हसली. "मग माजी बी सांगा की किंमत."

गृहस्थांनी मान खाली घातली. आईनं तिथंच, दुकानात, पदर डोळ्याला लावला.

मशीन आलं. आत्यानं पहिली चोळी स्वतःला शिवली, हिरव्या खणाची, आणि ती घालून पाण्याला निघाली. पाणवठ्यावरच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. आई हंडा घेऊन तिच्या मागंच होती.

"बगा गं," आई म्हणाली, "चांगलं डोळं भरून बगा."