शनिवारी सहाची मीटिंग

दुपारचे साडेतीन झालेत. लीला चौगुले कॉटवर आडवी झाली आहे. डोळा लागलाय की नुसता मिटलाय, हे तिचं तिलाच कळत नाही. पंख्याचा आवाज जवळ येतो, लांब जातो. दारू सोडून आज पाचवा दिवस, आणि अंग अजून दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं जड आहे.

मिरजेच्या एका लॅबमध्ये ती चोवीस वर्षं रक्त काढण्याचं काम करते. गेल्या महिन्यात हात इतका थरथरला, की एका म्हाताऱ्या बाईंना तिनं तीनदा सुई टोचली. बाई ओरडल्या नाहीत. दंड चोळत एवढंच म्हणाल्या, "तुम्हालाच बरं नाही दिसत, बाई. बसा जरा." डॉक्टरांनी दुसऱ्या दिवसापासून तिला काउंटरवर बसवलं. मग तिनं विचारत विचारत दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगचा पत्ता काढला: शनिवारी संध्याकाळी सहा, नगरपालिकेच्या जुन्या शाळेत. दोन शनिवार ती शाळेपर्यंत गेली आणि आत सगळे पुरुषच बघून माघारी आली. दोन्ही वेळा घरी येऊन प्यायली. आज तिसरा शनिवार. आजही जमायचं नाही, असं तिनं जवळजवळ ठरवूनच टाकलंय.

"उठ की गं. सहाला पोचायचंय न्हवं?"

पायथ्याशी आप्पा बसलेत. तिचे वडील, याच गावाचे पोस्टमन. जाऊन एकोणतीस वर्षं झाली. अंगात खाकी सदरा, डोळे शेवटच्या महिन्यात होते तसेच पिवळे. मांडीवर टपालाचा गठ्ठा आहे आणि ते पत्रं लावतायत.

"आप्पा, मला झोपू द्या. फार दमलेय मी."

"मी पण दमलोच होतो. चल."

ती चालते आहे. फरशी लॅबची आहे, पण दोन्ही बाजूंना भिंतीपर्यंत टपालाचे खण आहेत आणि प्रत्येक खणात एकेक रक्ताची नळी उभी आहे. आप्पा पुढं चालतायत, न बघता नावं वाचतायत. कुलकर्णी. मुजावर. बेडगे. एका खणापाशी ते थांबतात. तो रिकामा आहे.

"हा कुणाचा?" ती विचारते.

"शाळेचा. तिथं मी रोज टपाल टाकायचो."

"मग तुम्हाला ठाऊक होतं? मीटिंगचं?"

"त्यांची पत्रं यायची ना. वर नावच असायचं." आप्पा गठ्ठा या हातातून त्या हातात घेतात. "शनिवारी दुसऱ्या डिलिव्हरीला मुद्दाम उशिरा जायचो. तीन पायऱ्या आहेत. दोन चढलोय मी. चार-पाच वेळा."

लीलाला हे माहीत नव्हतं. आईलाही माहीत नसणार. आईनं शेवटपर्यंत त्यांना एवढंच ऐकवलं, की माणसानं एकदा तरी दारू सोडायचा प्रयत्न केला असता.

"तिसरी का नाही चढलात?"

दोघं आता शाळेच्या पायऱ्यांवर उभे आहेत. ऊन उतरलंय.

"आत उठून नाव सांगायला लागतं," ते म्हणतात. "जल्मभर दुसऱ्यांची नावं हाका मारून सांगितली. माझं तेवढं तोंडातनं निघंना."

"तिथं एक बाई नाही हो, आप्पा."

"नसू दे. पोस्टमन पण नव्हता एकही."

तिला हसू येतं आणि त्याच्या मागोमाग रडू. दार उघडंच आहे. वर्गात लहान मुलांचे बाक आहेत आणि त्यांत गुडघे दुमडून मोठी माणसं बसली आहेत, कंटाळलेली, साधी. कुणी वळून बघत नाही. कुणीतरी कपबशा मांडतंय.

"तुम्ही पण चला," ती आप्पांचा हात धरते. हात हलका आहे, आतून पत्र काढून घेतलेल्या पाकिटासारखा.

"मला आता येता येत न्हाई, लीला. हितवर आलो हेच लई." ते आतल्या माणसाकडून चहाचा कप घेतात आणि तिच्या हातात देतात. "घे. दमानं पी, चटका बसंल."

तिला थांबायचं नसतं. थांबली तर पाय परत फिरतील. उंबऱ्यावर उभ्या उभ्याच ती मोठा घोट घेते.

पंखा बंद आहे. वीज गेली आहे. उशी घामानं ओली झाली आहे. लीला उठून बसते. पाच वाजून दहा मिनिटं झालीत. खोलीत कुणी नाही.

तोंडात काहीतरी हुळहुळतंय. ती मोरीतल्या आरशापुढं जाऊन जीभ बाहेर काढते. टोक लालभडक झालंय आणि त्यावर मुगाएवढा पांढरा फोड आला आहे. ती स्वयंपाकघरात जाते, गॅसला हात लावून बघते. थंड आहे. सकाळपासून तिनं चहा केलेलाच नाही.

ती तोंडावर पाणी मारते, साडी बदलते. मग दाराशी, चपला घालताना, तोंडातल्या तोंडात म्हणून बघते, "माझं नाव लीला."

'ली'ला फोड दातामागं घासतो. 'ला'ला पुन्हा घासतो. डोळ्यांत पाणी येतं, पण नाव निघतं.